डोल इन्स्टिट्यूट, लॉरेन्स (कॅन्सस) – बाबांना घेऊन गेलो होतो, जरूर जा

आम्ही ओव्हरलँड पार्कला राहतो, तिथून लॉरेन्स पाऊण तासावर, पण इतक्या वर्षांत युनिव्हर्सिटीच्या आवारातलं हे डोल इन्स्टिट्यूट बघायला कधी गेलोच नव्हतो. एका रिपब्लिकन सिनेटरचं म्युझियम, त्यात आपल्याला काय बघायचंय असं वाटायचं. या वेळी आईबाबा आलेत आणि बाबांचा उजवा हात पॅरालिसिसनंतर कामातून गेलाय, त्यामुळे ते कुठेच यायला तयार नसतात, नवीन माणूस भेटला आणि त्याने हात पुढे केला की त्यांचा चेहराच उतरतो. बॉब डोल यांचाही उजवा हात तसाच होता एवढं मला माहीत होतं, तेवढ्याच जोरावर बाबांना तयार केलं.

आधी जागेबद्दल सांगते. प्रवेश फुकट आहे. आत गेल्या गेल्या समोर रंगीत काचेचा अमेरिकन झेंडा, सुमारे २९ फूट उंच, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पडलेल्या इमारतींतले लोखंडी खांब. ऊन आलं की त्या काचेचे रंग खाली उतरतात आणि खांब मात्र तसेच काळपट उभे, आई तिथे बराच वेळ काही न बोलता उभी होती. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या कॅन्ससच्या लोकांच्या शेकडो फोटोंची भिंत आहे, तीही घाईत बघू नका. बाबा काठी घेऊन चालतात, त्यांना कुठेही अडलं नाही.

आता मुख्य गोष्ट. डोल जन्मले १९२३ मध्ये, रसेल नावाच्या छोट्या गावात. वडील दूध-अंडी खरेदीचं केंद्र चालवायचे, आई शिलाई मशीन विकायची, आणि मंदीत इतके हाल झाले की घर भाड्याने देऊन सगळं कुटुंब तळघरात राहिलं. पोरगा उंचापुरा, बास्केटबॉल खेळणारा, याच युनिव्हर्सिटीत शिकायला आला आणि इथूनच सैन्यात गेला. १४ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या डोंगरात आपल्या रेडिओवाल्या सोबत्याला ओढून आणायला गेला आणि स्वतःच जखमी झाला, उजवा खांदा फुटला, मणक्याला मार बसला. युरोपातली लढाई संपायला जेमतेम तीन आठवडे उरले होते हो! पुढची तीन वर्षं हॉस्पिटलमध्ये गेली. शिकागोचे डॉक्टर केलिकियन, मूळचे आर्मेनियन, त्यांनी फी न घेता ऑपरेशनं केली, आणि हॉस्पिटलच्या खर्चासाठी रसेलच्या लोकांनी औषधाच्या दुकानात सिगारचा डबा ठेवून १८०० डॉलर जमवले. तो डबा डोल यांनी जन्मभर जपला.

हात मात्र परत आला नाही. शर्टाची बटणं लावायला ते एक आकडा वापरायचे, काजातून घालून बटण ओढून घ्यायचं. हे ऐकल्यावर बाबांनी आईकडे बघितलं, कारण त्यांची बटणं रोज तीच लावते. आणि उजव्या मुठीत कायम पेन धरलेलं असायचं, लोकांनी तो हात हातात घेऊ नये म्हणून. म्हणजे इतकी वर्षं टीव्हीवर दिसणारं ते पेन लिहायला नव्हतंच.

माझं स्वतःचं म्हणाल तर टॅक्स आणि सरकारी खर्चाबद्दल त्यांची मतं मला पटत नाहीत. जीभही फार तिखट होती, १९७६ च्या उपाध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये विसाव्या शतकातली युद्धं डेमोक्रॅट्सची म्हणून बोलून गेले आणि ते त्यांना खूप महागात पडलं. पण याच माणसाने सिनेटमधलं पहिलं भाषण १४ एप्रिल १९६९ ला केलं, जखमी झाल्याच्याच तारखेला, आणि विषय अपंगांचा. फूड स्टॅम्पसाठी, म्हणजे गरिबांना अन्न घ्यायला मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी, मॅकगव्हर्नसारख्या पक्क्या लिबरल डेमोक्रॅट सिनेटरबरोबर काम केलं. १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा पास करून घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आज इथे प्रत्येक दुकानात, बसमध्ये बाबांना जी सोय मिळते ती त्याच कायद्यामुळे, आणि हे आम्ही इतकी वर्षं गृहीत धरलं होतं. १९९६ ला अध्यक्षपदासाठी सिनेट सोडून उभे राहिले, क्लिंटनकडून हरले, आणि दोनच महिन्यांत त्याच क्लिंटननी त्यांना देशाचं मोठं पदक दिलं.

बाबांना सगळ्यात भिडली ती इनोउयेंची गोष्ट. हवाईचे डॅनियल इनोउये, डेमोक्रॅट, त्यांचा उजवा हात डोलनंतर बरोबर एक आठवड्याने इटलीतच गेला आणि दोघं मिशिगनच्या एकाच हॉस्पिटलात होते. पुढे काय करायचं याचा बेत डोलनी सांगितला, आणि इनोउये त्याच वाटेने त्यांच्याआधी काँग्रेसमध्ये पोचले! डिसेंबर २०१२ मध्ये ते वारले तेव्हा ८९ वर्षांचे डोल कॅपिटॉलमध्ये आले, आणि डॅनीने मला व्हीलचेअरवर बघू नये म्हणून खुर्चीतून उठून, आधार घेत शवपेटीपर्यंत चालत गेले. त्याच महिन्यात ते अपंगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारासाठी व्हीलचेअरवरून सिनेटमध्ये येऊन बसले होते, तरी त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी तो पाडला. मला अजून राग येतो त्याचा.

दोन तास पुरत नाहीत, अर्धा दिवस ठेवा. लहान मुलं कंटाळू शकतात, वाचायला बरंच आहे. घरात कोणी अपघातातून किंवा आजारातून उठत असेल तर त्यांना नक्की न्या, पाचपैकी पाच स्टार.

रात्री बाबांनी फिजिओथेरपीत ओळख झालेल्या त्यांच्या मित्राला फोन लावून इनोउयेंची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. बटणांचा आकडा ऑनलाइन मागवलाय. आणि आता त्यांना रसेल बघायचंय, लॉरेन्सहून आय-सेव्हन्टीने पश्चिमेला तीनेक तास आहे, शनिवारी निघतोय.