नऊ बटणांचं बोलकं यंत्र : नऊ महिन्यांनंतर

बाबांना बोलता येत नाही, म्हणून नऊ महिन्यांपूर्वी एक यंत्र घेतलं : बटण दाबलं की त्यात आपण भरलेलं वाक्य ते बोलतं. गेल्या महिन्यात त्याचं एक बटण बंद पडलं. नेमकं ‘थांबा, मला बोलायचंय’ हेच. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणाले, “मॅडम, दिल्लीला पाठवावं लागेल. पाच-सहा आठवडे धरून चाला.” तोवर बदली यंत्र मिळेल का विचारलं, तर तशी सोय नाही म्हणे. चार दिवस मी रोज फोन करून भांडले. सहा आठवडे बाबांनी गप्प बसायचं, हे त्या माणसाला मोठं काही वाटतच नव्हतं. शेवटी लॅमिंग्टन रोडवर एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने उघडलं, बटणाखाली चहा झिरपून चिकटा झाला होता, तो पुसला आणि दोनशे रुपये घेतले. वॉरंटी गेली. जाऊ दे.

बाबा ७१ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आला, उजवा हात गेला आणि अफेजिया झाला. समोरच्याचं त्यांना जवळजवळ सगळं कळतं, पण हवा तो शब्द तोंडात येत नाही. ‘रामकृष्ण हरी’ मात्र न अडखळता म्हणतात, एक ते वीस आकडेही. त्यामुळे नातेवाईक म्हणतात, “मनावर घेतलं तर बोलतील.” कृपा करून कुणाला असं म्हणू नका. तोंडात बसलेलं म्हणणं आणि मनातला शब्द शोधून बोलणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. पाटी-पेन्सिल द्या, असाही सल्ला मिळतो. अफेजियात लिहिणं-वाचणंही अडतं.

आधी जेलो वापरून पाहिलं. चित्रावर बोट ठेवलं की बोलणारं, आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात (आयडीसीत) तयार झालेलं ॲप, फुकट आणि मराठीतही आहे. तुम्हीही सुरुवात त्यानेच करा, पैसे तरी जाणार नाहीत. आमच्याकडे डाव्या हाताचं बोट स्क्रीनवर रेंगाळायचं, मध्येच कुणाचा फोन यायचा आणि बाबा चिडायचे. म्हणून दाबल्यावर खट्‌कन कळेल अशा बटणांचं यंत्र घेतलं. साडेअकरा हजार गेले.

नऊ बटणं, पाच लेव्हल (लेव्हल बदलली की त्याच बटणांवर दुसरी नऊ वाक्यं), म्हणजे ४५ वाक्यं. या ४५ ला मी भुलले. लेव्हल बदलायचं बटण वरच्या कोपऱ्यात आहे, बाकीच्या बटणांइतकंच हलकं, आणि त्याला लॉक नाही. बाबा एका हाताने यंत्र मांडीवर ओढून घेतात तेव्हा अंगठा हमखास तिथेच पडतो. बटणांवरच्या चित्रांचा कागद पहिल्या लेव्हलचा आणि आवाज दुसऱ्या लेव्हलचा! बाबांनी चहाचं चित्र दाबलं, यंत्र म्हणालं, “पाठ दुखतेय.” आई बाम घेऊन आली. त्यांनी मान हलवून पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा यंत्र ढकलून दिलं आणि आठ दिवस हात लावला नाही. स्वतःचं तोंड दगा देतंच आहे, त्यात या वस्तूनेही द्यावा? आजही आठवलं की मला राग येतो. ज्याने हे बटण तिथे ठेवलं, त्याने एका हाताने वापरणारा माणूस कधी पाहिलाच नसावा.

उपाय घरीच केला. बाटलीचं झाकण त्या बटणावर उपडं ठेवून एम-सीलने बसवलं. आता लेव्हल एकच, वाक्यं नऊ. पंचेचाळिसाचे पैसे देऊन नऊ वापरते, हे खुपतं. पण बाबांना नऊच पुरतात. दर रविवारी दोन-तीन बदलते.

आवाजाबद्दल माझं मत साफ बदललं. आधी वाटायचं, टाइप केलेलं वाचणारं यंत्र भारी, हे आपणच रेकॉर्ड करायचं म्हणजे मागासलेलं. मी माझ्या आवाजात भरलं, तर बाबा नाइलाजाने दाबायचे. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, पुरुषाचा आवाज घ्या, आणि निव्वळ गरजा भरू नका. मग धाकट्या काकांना बसवलं. ‘पाणी दे गो’ त्यांच्या मालवणी हेलात निघालं आणि बाबा दिवसभर दाबत राहिले. सर्वांत जास्त चालतं ‘स्कोअर काय झाला?’ चित्रंही आमचीच लावली : आमची किटली, आमचा पंखा. सोबत आलेल्या कागदावरच्या सँडविचचं आम्ही काय करणार होतो?

यंत्राचा आवाज मध्यमच आहे, फार मोठा होत नाही. लालबागला राहतो, गणपतीच्या दहा दिवसांत खिडकी लावूनही ऐकू येत नव्हतं. पेन्सिल सेल दोन लागतात, दोन महिने जातात. सेल काढले तरी रेकॉर्डिंग पुसत नाही, हे दुकानात तपासून घ्या. त्याहून महत्त्वाचं, ज्याला वापरायचंय त्या माणसाला सोबत न्या आणि त्याच्याच हाताने दाबून बघा. दुरुस्ती मुंबईत होते का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अफेजियामुळे आलेलं कायमचं वाचा-भाषेचं अपंगत्व धरलेलं आहे, तेव्हा प्रमाणपत्राचं काम लांबवू नका. आम्ही वर्षभर लांबवलं.

रात्री बाबांना हाक मारता येत नाही, आईला जाग येईपर्यंत तसेच पडून राहतात. त्यासाठी उशाशी ठेवायला एकाच मोठ्या बटणाचं यंत्र शोधतेय. लेव्हल नसलेलं. कुणी वापरलं असेल तर सांगा.