ऑर्डरच्या आधी बिलाचं विचारणारी खाणावळ

डोंबिवली पूर्वेची ही मालवणी खाणावळ. आम्ही सहा मैत्रिणी महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकत्र जेवतो, गेले चार महिने इथेच. सुरमई तव्यावरून थेट ताटात येते, वरचा रवा कुरकुरीत, आत रसाळ. सोलकढीत नारळाचं दूध दाट, कोकम बेताचं. भाकरी मात्र गर्दीच्या वेळी गार येते. दीडच्या आत पोचा, नाहीतर अर्धा तास बाहेर बाकावर.

पण लिहायला बसले ते वेटरदादांच्या एका प्रश्नासाठी. पाणी ठेवतानाच ते विचारतात, "ताई, बिल एकत्र की ज्याचं त्याचं?"

आधीच्या हॉटेलात आम्ही बिल सारखं वाटून घ्यायचो. इथल्या दरांनी हिशोब मांडते. शाकाहारी थाळी १८०, सुरमई थाळी ४८०. फरक ३००चा, पण सहा जणींत वाटला की माझ्या पदरचे ५०च जातात. ५० रुपयांसाठी सुरमई कोण सोडेल? सगळ्यांनी असाच विचार केला की प्रत्येकीला ४८० पडतात, एरवी तेवढे मोजले असते की नाही कोण जाणे. आपसात ठरवून हात आखडता घेता आला असता, पण मैत्रिणीला "तू सुरमई घेऊ नकोस" म्हणणार कोण?

मी अर्थशास्त्र शिकवते. इस्रायलमधल्या हैफा शहरात संशोधकांनी हेच करून पाहिलं, २००४ मध्ये ते छापून आलं. एका टेबलावर सहा अनोळखी माणसं. ज्याचं त्याने द्यायचं तेव्हा माणशी सरासरी ३७ शेकेल, सारखं वाटायचं तेव्हा ५१. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहीत आलेय. आणि आमच्यातली शाकाहारी मैत्रीण गुडघ्यांचं कारण सांगून येईनाशी झाली, तेव्हा खरं कारण बिलाचं असेल हे मला सुचलं नाही. पाच जणी सुरमई खाणार आणि ती साधी थाळी, म्हणजे १८०च्या ताटाला ४३०. वर्षभर ती असं भरत होती. त्याचं मला फार वाईट वाटतं.

इथे दादा प्रत्येकीची वेगळी चिठ्ठी करतात आणि ओळख पटावी म्हणून वर साडीचा रंग लिहितात. "हिरवी – बांगडा", "जांभळी – शाकाहारी". गर्दीतही आमच्या सहा बिलांत कधी चूक झालेली नाही. आता सुरमई दोघी-तिघीच घेतात, बाकीच्या बांगड्यावर खूश असतात.

जांभळी परत यायला लागलीय. गेल्या शनिवारी तिने थाळीवर सोलकढीची आणखी एक वाटी मागवली, २५ रुपये, स्वतःच्या चिठ्ठीवर.