एम-४१६: पाव टनी लष्करी ट्रेलर कुटुंबाच्या कॅम्पिंगला कितपत उपयोगी?

जुना लष्करी ट्रेलर कॅम्पिंगसाठी सजवायचा असेल आणि ओढणारी गाडी मध्यम आकाराची असेल, तर एम-४१६ इतका सरळ, दुरुस्तीला सोपा आणि दणकट ट्रेलर दुसरा नाही. अट एकच. खर्च आणि मेहनत आधी खाली घालायची, म्हणजे चासी, आस, हब (चाकाचा मधला फिरता भाग), पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि कडी (गाडीच्या हुकात अडकणारं कडं) यांवर. रंग, तंबू, स्वयंपाकाचा ओटा हे सगळं नंतर. हा क्रम उलटा केला की ट्रेलर चकचकीत दिसतो आणि आडवाटेला हब जाम होऊन उभा राहतो.

अमेरिकी सैन्याने १९६० च्या दशकात एम-१५१ जीपमागे लावण्यासाठी तो आणला. त्याच्या आधी एम-३८ जीपमागे एम-१०० होता, आणि त्याही आधी दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमागे बँटम टी-३. तिघांची घडण एकाच घराण्यातली: पत्र्याचा पाणबंद हौदा, खाली दोन चाकं, पुढे दांडा आणि त्याच्या टोकाला गोल कडी. पाणबंद हे अगदी शब्दशः घ्यावं. नदी ओलांडताना हा हौदा तरंगावा अशीच त्याची रचना आहे आणि तळाला पाणी काढायला बुचं दिलेली आहेत. मोठा भाऊ एम-१०१ पाऊण टनी. त्यात सामान भरपूर मावतं, पण तो रिकामाच सुमारे ६०० किलो भरतो. लहान गाडीला तो झेपत नाही. एम-४१६ रिकामा सुमारे २६० किलोचा आहे. मोकळ्या जागेत दोन माणसं तो हाताने वळवू शकतात, आणि अरुंद कॅम्पवर या गोष्टीचं मोल फार मोठं आहे.

आता वजनाचा हिशेब, कारण बहुतेक जण इथेच फसतात. पाव टन म्हणजे २,००० पौंडी टनाचा चौथा हिस्सा: ५०० पौंड, म्हणजे २२७ किलो. चौघांच्या कुटुंबाचं नेहमीचं सामान मांडून बघा. छतावर उघडणारा तंबू ६० किलो. तो पेलायला ४० बाय ४० मिलिमीटर, ३ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी नळीचा सांगाडा: मीटरला ३.४ किलो धरले तर बारा मीटरचे ४१ किलो. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो. भरलेला फ्रिज ४०, लिथियम बॅटरी १३, गॅस आणि भांडी २५, अंथरूण-खुर्च्या २०, जादा चाक २५. बेरीज २८४ किलो. मर्यादेपेक्षा ५७ किलो जास्त, आणि यात कपडे अजून धरलेलेच नाहीत.

यातून दोन वाटा आहेत. छताचा तंबू हवाच असेल तर सांगाडा ३० बाय ३०, २ मिलिमीटरच्या नळीचा करा. तो २१ किलोत होतो. पाणी २० लिटरच न्या आणि बाकीचं मुक्कामी भरा. बेरीज २२४ वर येते, पण हाताशी काहीच उरत नाही. दुसरी वाट तंबू जमिनीवर लावण्याची. तंबू आणि सांगाडा मिळून १०१ किलो जातात, वीसेक किलोचा चांगला कौटुंबिक तंबू येतो, आणि ६० लिटर पाण्यासकट बेरीज २०३ होते. मुलं बरोबर असतील तर हीच वाट बरी. वजन खाली राहतं, रात्री मुलांना शिडी उतरावी लागत नाही, आणि तंबू उभा ठेवून ट्रेलर दुसरीकडे नेताही येतो. शिवाय छताच्या तंबूची कितीही जाहिरात झाली तरी चौघं त्यात सुखाने झोपतील असा तंबू या ट्रेलरसाठी फार रुंद आणि फार जड पडतो.

विकत घेताना बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. हौद्यात लाकडी फळ्या किंवा रबर अंथरलेलं असेल तर आधी ते उचलायला लावा. ओल तिथेच साचते आणि तळाच्या कडा तिथूनच कुजतात. बुचं लावून ट्रेलर पाणसळीत उभा करा आणि तळाला पाच सेंटिमीटर पाणी भरा. साधारण शंभर लिटर लागेल. अर्ध्या तासात थेंब कुठून पडतो ते बघितलं की पत्र्याचं काम किती निघणार हे कळतं. बुचाजवळून ठिबकलं तर वायसर बदलून भागेल. चासीच्या आडव्या पट्टीवरून ओघळ आला तर तिथला पत्रा दोन्ही बाजूंनी खाल्लेला असतो, आणि हौदा चासीवरून उचलल्याशिवाय ते काम नीट होत नाही.

मग टेप काढा. कडीच्या मध्यापासून आसाच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. फरक ५ मिलिमीटरपेक्षा जास्त निघाला तर दांडा वाकलेला आहे किंवा आस पाट्यांवर सरकली आहे. आस सरकली असेल तर तिला पाट्यांशी पकडणारे यू-बोल्ट सैल करून ती जागेवर आणता येते. वाकलेला दांडा मात्र सौदा सोडून देण्याचं पुरेसं कारण आहे. आस स्वतः वाकली आहे का हे पाहायला चाकं उचला, फिरवताना टायरच्या मध्यावर खडूने रेघ ओढा, आणि दोन्ही रेघांमधलं अंतर आसाच्या पुढे आणि मागे मोजा. तीन मिलिमीटरच्या आत फरक असला तर चालेल. त्याहून जास्त असेल तर टायर एका कडेने झिजत राहतील आणि ट्रेलर एका अंगाला ओढेल. कडी आतून सपाट घासलेली असेल तर बदलायची. वेल्डिंगचा भर घालून जाड केलेली कडी कधीही घेऊ नका. घडीव पोलाद त्या उष्णतेने ठिसूळ होतं, आणि कडी तुटली की वाचवायला फक्त साखळ्या उरतात.

काम सुरू करताना पहिला हात हबला. उघडा, रॉकेलने धुवा, बेअरिंगचे रोलर आणि त्यांची बाहेरची कडी उजेडात धरून बघा. निळसर झाक म्हणजे बेअरिंग तापलेलं आहे, बारीक खड्डे म्हणजे पाणी शिरलेलं आहे. यातलं काहीही दिसलं तर रोलर आणि बाहेरची कडी जोडीनेच बदला. जुन्या कडीत नवे रोलर बसवले की दोन्ही लवकर जातात. सील प्रत्येक वेळी नवं. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, क्रमांक २ चं. जुनं ग्रीस थोडंही न ठेवता भरायचं, कारण वेगळ्या जातीची दोन ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन गळू शकतात. रोलरच्या पिंजऱ्यात ते तळव्याने दाबून आरपार भरा, हबच्या पोकळीत मात्र एक तृतीयांशच. नट आवळताना हब हाताने फिरवत राहा. हलकी अडखळ जाणवली की नट थोडा मागे घ्या आणि स्प्लिट पिन घाला. चाक वर-खाली धरून हलवलं तर जाणवेल-न जाणवेल इतकीच मोकळीक (प्ले) हवी, सुमारे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. हब अजिबात हलू नये म्हणून नट गच्च आवळणं ही सर्रास होणारी चूक आहे. बेअरिंग तापून बसण्याचं मुख्य कारण तेच.

ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवेच्या पाइपने धूळ उडवू नका. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद करा. साध्या एम-४१६ ला फक्त हातब्रेक असतो, म्हणजे चालताना सगळा भार ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर येतो. एम-४१६ ए-१ या आवृत्तीत धक्क्याने लागणारा ब्रेक आहे, म्हणजे गाडी मंदावली की ट्रेलरच्या पुढे रेटण्यानेच तो लागतो. तो चालू स्थितीत मिळाला तर घाटात खूप फरक पडतो. युरोपात ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर ब्रेकशिवाय चालतो. बाकी ठिकाणी नियम वेगळे आहेत, त्यामुळे नोंदणीच्या वेळी हा मुद्दा आधी पक्का करा.

पाट्यांमध्ये कॅम्पच्या वजनासाठी काहीही वाढवायची गरज नाही. उलट सामान कमी असलं तर ट्रेलर उसळतो आणि आतली अंडी सोडा, बॅटरीच्या तारासुद्धा सुटतात. वरचा मुख्य पाटा तडकलेला असेल तर पूर्ण संच बदला. प्रत्येक पाट्याच्या टोकाला खालच्या पाट्याने घासून खाच पाडली असेल तर ती जागा घासून सपाट करा, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो. यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरायचे नाहीत. बुश (पाट्याच्या डोळ्यातली नळी) रबरी असतील तर शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचे, बोल्ट चाकं जमिनीवर टेकवून, वजन पडल्यावरच शेवटचे आवळा. ट्रेलर उचललेला असताना आवळले तर बुश पिळून राहतं आणि लवकर फाटतं.

टायर ७.००-१६ चे असतात. नक्षी कितीही खोल दिसली तरी तारीख बघा. बाजूला तीनच आकडे असतील तर टायर २००० सालापूर्वीचा आहे, तो टाकूनच द्या. सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे ओढणाऱ्या गाडीचंच चाक ट्रेलरला बसवणं. एक जादा चाक दोघांना पुरतं आणि वरच्या हिशेबातले २५ किलो वाचतात. त्यासाठी बोल्टचं वर्तुळ जुळायला हवं. पाच बोल्टच्या हबवर समोरासमोर बोल्ट नसतात, म्हणून एक सोडून पुढच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि ०.९५१ ने भागा. वर्तुळाचा व्यास मिळतो. जुळलं नाही तर अडॅप्टर लावू नका, हब बदला. टायरमध्ये हवा गाडीइतकी भरू नका. या वजनाला २५ पीएसआयच्या आसपास पुरते. ३५ ला ट्रेलर दगडावरून उड्या मारतो.

दिव्यांचं काम सोपं आहे, पण मनापासून करा. मूळ वायरिंग २४ व्होल्टचं आहे. १२ व्होल्टच्या गाडीला जोडलं तर दिवे मंद पेटतात आणि मागचा चालक ब्रेक पाहत नाही. सगळं काढून १२ व्होल्टचे बंद एलईडी दिवे लावा, दिशादर्शक दोन्ही बाजूंना. अर्थिंगसाठी २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार कनेक्टरपर्यंत आणा. कडी आणि हुकामधल्या लोखंडावर अर्थिंग सोडलं की खड्ड्यात दिवे लुकलुकतात आणि दोष सापडता सापडत नाही.

रंगाचा जुना थर काढताना मास्क हवाच, आणि तोही फडक्याचा नव्हे, बारीक धुळीच्या फिल्टरचा. जुन्या लष्करी रंगात शिसं, अस्तरात क्रोमियम असू शकतं. मुलं वावरतात तिथे घासकाम करू नका. ओलं घासून चिखल गोळा करणं जास्त सुरक्षित. कुजलेला पत्रा कापून दीड ते दोन मिलिमीटरचा तुकडा टाक्याटाक्याने वेल्ड करा. सलग धाव दिली तर तळ लाटांसारखा वाकतो. त्यावर एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग पॉलियुरेथेन. खालून डांबरी लेप थापू नका, गंज त्याच्या आड वाढत राहतो. आणि तळाला भोकं पाडून काहीही बसवू नका. पेट्या, रॅक, टाकी हे सगळं वरच्या कडेला किंवा चासीला पकडा.

कडी-हुकाच्या जोडाचा मोठा गुण म्हणजे तो सगळ्या दिशांनी फिरतो. गाडी एका अंगावर आणि ट्रेलर दुसऱ्या अंगावर कलंडला तरी जोड अडत नाही. त्याची किंमत म्हणजे आवाज: ब्रेक मारला की खण, सोडला की खण. ५० मिलिमीटरचा बॉल शांत असतो, पण खडबडीत वाटेवर त्याला तेवढं वळता येत नाही. लांबचा प्रवास मुख्यतः डांबरी असेल तर बॉल घ्या. आडवाटा असतील तर कडीच ठेवा आणि हुकाच्या खटक्यात पिन घालायला विसरू नका. साखळ्या दांड्याखाली फुलीसारख्या ओलांडून लावा.

कडीवर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हवा. ४८० किलोच्या भरलेल्या ट्रेलरला तो ४८ किलो. घरातला वजनकाटा पाटावर ठेवून कडी त्यावर टेकवली की मोजता येतं, फक्त कडीची उंची हुकाइतकीच ठेवा. पाण्याची टाकी तळाशी, आसाच्या जरा पुढे. जादा चाक मागे टांगलं तर कडी हलकी होते, आणि वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो. असं झालं तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा. मागे घेताना हा आखूड ट्रेलर फार पटकन दुमडतो. नवख्याने कोणाला तरी मागे उभं करावं, आणि फारच अडलं तर ट्रेलर सोडवून हाताने ढकलावा. तो हलका आहे, हाच त्याचा गुण.

मुक्कामी गाडीपासून सोडवला की पुढचा पाय टेकवा, पण तेवढ्यावर थांबू नका. मागच्या दोन कोपऱ्यांना टेकू नसतील तर मागच्या कडेवर मूल चढलं की दांडा हवेत उचलला जातो. हे दोन टेकू हवेतच, आणि मूळ ट्रेलरला ते नाहीत.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर थांबून दोन्ही हब हाताने चाचपा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर नट सैल करायला हवा. यू-बोल्ट आणि चाकांचे नट त्याच वेळी पुन्हा आवळा. घरी उभा करताना बुचं काढून, पुढचा पाय वर-खाली करून हौदा बुचांच्या बाजूला कलता ठेवा, आणि ताडपत्रीखाली मधोमध एक काठी घाला, म्हणजे पाणी वर साचत नाही.