१६,८४९ रुपयांचा 'ग्लो किट' आणि पाणी नसलेलं क्रीम

आधी आकडे सांगते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. पहिल्यांदा १,४५० रुपये, मग ३,८९९, मग ११,५००. एकूण १६,८४९. त्वचारोगतज्ज्ञांची फी आणि औषधं यांचे ३,१४० वेगळे. सगळे पैसे यूपीआयने, व्हॉट्सॲपवरून चेहऱ्याचे 'ग्लो किट' विकणाऱ्या एका बाईच्या खासगी खात्यावर. बिल नाही.

या योजना कशा चालतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. व्हॉट्सॲप ग्रुप, आधीचे-नंतरचे फोटो, 'आज रात्री १२ पर्यंतच', आणि प्रत्येक वाक्याला एक 'डिअर'. हे सगळं मीही ओळखून होते. कुणी फोनवर ओटीपी मागितला तर त्याला दोन शब्द सुनावूनच फोन ठेवणाऱ्यातली मी. पण ही बाई गोरं करण्याच्या गप्पा मारत नव्हती, ती घटकांवर बोलत होती. नियासिनामाइड, कोजिक ॲसिड, ग्लुटाथायोन. बाळंतपणानंतर गालांवर वांगाचे डाग आलेले, त्यामुळे ही नावं मी वर्षभर वाचतच होते. समोरचा आपल्याच भाषेत बोलायला लागला की शंका घ्यायचं सुचत नाही. तुम्हालाही सुचलं नसतं.

तिने एक तक्ता पाठवला. एका बाजूला दुकानात मिळणारी सीरम, दुसऱ्या बाजूला तिचं. तिकडे नियासिनामाइड ५ टक्के, हिच्याकडे १५. तिकडे व्हिटॅमिन सी १० टक्के, हिच्याकडे ३०. मला ते पटलं. आता कळतंय की हा तक्ताच सगळ्यात मोठी थाप होती. नियासिनामाइडचा उपयोग २ ते ५ टक्क्यांतच दिसतो, त्यापुढे वाढवत नेलं तर काहींच्या चेहऱ्याची नुसती आग होते. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीचं मूळ रूप, १० ते २० टक्क्यांत काम करतं. २० च्या वर जास्त फायदा नाही, चुरचुर मात्र आहे. घटकांची तुलना करताना आकडा मोठा कुणाचा हे बघायचं नसतं, तो आकडा कामाच्या टप्प्यात बसतो का ते बघायचं. शिवाय हे ॲसिड हवा आणि उजेड लागला की पिवळं, मग तपकिरी पडतं. हिची बाटली पारदर्शक काचेची, खिडकीशी ठेवलेली, आणि आतलं द्रव शेवटपर्यंत नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. मी त्याला 'शुद्धता' समजत होते.

पण ते सीरम सोडा. खरा माल नाइट क्रीमच्या डबीत होता.

पांढरी डबी, गुलाबी झाकण, वर सोनेरी स्टिकर. स्टिकरवर 'घटक' म्हणून पाच नावं: नियासिनामाइड, कोजिक ॲसिड, ग्लुटाथायोन, व्हिटॅमिन सी, नैसर्गिक अर्क. संपलं. ही डबी माझ्या हातात होती. मी ती यादी वाचली, दोनदा वाचली, फोटो काढून बहिणीला पाठवला. आणि त्या यादीत पाणी नव्हतं! पांढरं, मऊ, बोटाला गार लागणारं क्रीम आणि घटकांत ॲक्वा, म्हणजे पाणीच, नाही, तेल नाही, मेण नाही, टिकवण्यासाठी एकही प्रिझर्व्हेटिव्ह नाही. मग ते पाच हिरो तरंगत कशात होते? कुठल्याही खऱ्या क्रीमची यादी बहुतेक वेळा ॲक्वापासून सुरू होते, मग ग्लिसरीन, सीटाइल अल्कोहोल, स्टिअरिक ॲसिड अशी कंटाळवाणी नावं, आणि ज्याची जाहिरात असते ते बिचारं कुठेतरी मध्ये. हिच्याकडे नुसती जाहिरातच छापलेली. त्या रात्रीचा तो फोटो अजून फोनमध्ये आहे आणि बघितला की डोकं फिरतं.

तरी माझी बाजू ऐका. लेबल कसं वाचायचं हे कुणी शिकवतं का आपल्याला? सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० म्हणतात की १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, आणि १ टक्का किंवा कमी असलेले त्यानंतर, कुठल्याही क्रमाने. हे मला आता पाठ आहे. एक युक्ती घ्या: यादीत फिनॉक्सीइथेनॉल शोधा. हे प्रिझर्व्हेटिव्ह १ टक्क्यापर्यंतच वापरतात, म्हणजे त्याच्या पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं चिमूटभर. केशर, मोती, सोनं, सगळं तिथेच सापडतं. महागड्या, नावाजलेल्या डब्यांवरही.

क्रीम लावल्यावर आठवड्याच्या आत डाग फिके पडले. आईसुद्धा म्हणाली, चेहरा उजळलाय गं. इथे मी खुश झाले आणि ३,८९९ चा मोठा किट मागवला. नियासिनामाइडला फरक दाखवायला महिना-दोन महिने लागतात, कोजिक ॲसिडलाही तसंच. आठवड्यात डाग पुसणारं जे काही असतं ते या यादीत नसतं. ते स्टिरॉइड असतं, नाहीतर पारा.

मग डबी संपली आणि नवा माल यायला उशीर झाला. दोन-तीन रात्री क्रीम नाही म्हणताच चेहरा लाल, उन्हात गेलं की जळजळ, हनुवटीवर बारीक पुळ्या. बाईंना फोटो पाठवला. उत्तर: "डिअर, हे पर्जिंग आहे. टॉक्सिन्स बाहेर पडतायत. क्रीम बंद करू नका, डबल लावा." पर्जिंग, म्हणजे नवीन काही लावायला लागल्यावर सुरुवातीला पुळ्या येणं, हा प्रकार खरा असतो, म्हणूनच ही थाप पचते. पण तो रेटिनॉलने होतो, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिडने होतो, कारण ते त्वचेचे थर लवकर बदलायला लावतात. आणि तो औषध सुरू केल्यावर होतो, बंद केल्यावर नाही. लावलं की बरं आणि थांबवलं की भडका, हे दिसलं तर त्या क्षणी डॉक्टरकडे जा.

मी गेले नाही. त्याच सुमारास तिने 'रिसेलर' व्हायची ऑफर दिली होती, ११,५०० मध्ये पाच किट. घरबसल्या चार पैसे मिळावेत असं वाटणं हा गुन्हा नाही. एक किट नणंदेला दिला. विकला नाही, भेट दिला. तरी ती आता माझ्याशी कामापुरतंच बोलते.

शेवटी गेले तेव्हा डॉक्टरांनी भिंगातून गाल बघितले, त्वचा पातळ झालीय आणि बारीक रक्तवाहिन्या दिसतायत असं म्हणाले आणि सरळ विचारलं, "कुठलं क्रीम?" बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइडची नावं मी तिथे पहिल्यांदा नीट ऐकली. यांतली बरीच क्रीम २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. माझ्या डबीत नेमकं काय होतं हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण ती तपासायला कुणी तयारच नाही.

आता त्यांच्याविषयी. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "मॅडम, माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. ज्या सरकारी खात्याचं कामच हे आहे, त्या अन्न व औषध प्रशासनात टेबलावर डबी ठेवली तर साहेब तिला हातसुद्धा लावेनात. उघडलेली डबी चालत नाही. बरं, रिसेलर किटमधली सीलबंद दिली. तर बिल आणा. बिल नाही म्हटल्यावर, उत्पादकाचा पत्ता द्या. अहो, डबीवर पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, हीच तर माझी तक्रार आहे! त्यावर ते म्हणाले, पत्त्याशिवाय आम्ही जाणार कुठे. मी त्यांना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० चं कलम २६ दाखवलं. ग्राहक स्वतः ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो असं त्यात लिहिलंय. त्यांनी माझ्याच मोबाइलवर ते वाचलं, शेजारच्याला दाखवलं, आणि जेवणाची सुट्टी झाली. ऑनलाइन तक्रारीचं काय झालं? मेसेज आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' कुणी काढली, कशी काढली, काही नाही. फी भरायला तयार असलेल्या माणसाला हाकलून देणारं हे एकच दुकान मी पाहिलंय.

पारा असलेल्या क्रीमने मूत्रपिंडं जाऊ शकतात. कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड अशी नावं दिसली तर डबी घरात ठेवू नका. पण विकणारा ती नावं छापतो थोडाच. म्हणून लेबलवर काय लिहिलंय त्याआधी काय लिहिलेलं नाही ते बघा. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक. यातलं एक जरी नसेल तरी परत पाठवा. खासगी खात्यावर पैसे नकोत. आणि आधीच लावत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून सोडा. डबी फेकू नका, चॅट पुसू नका.

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार-फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. माझे कागद तयार आहेत: तीन व्यवहारांचे स्क्रीनशॉट, डॉक्टरांची चिठ्ठी, चार सीलबंद किट. नणंदेचा पाचवा मागितलाय, तिने अजून दिलेला नाही. बाईंनी ग्रुपचं नाव बदललंय, डबी तीच आहे. झाकण मात्र आता हिरवं, आणि यादीत सहावं नाव आलंय: अल्फा आर्बुटिन. ॲक्वा अजूनही नाही.