मिल लॅक्सच्या गर्दीत जोडपात्यांचा बकटेल कितपत चालतो?

अमेरिकेत मिनेसोटातल्या मिल लॅक्स तलावावर मस्की हा मोठा शिकारी मासा गरवायला निघालेल्या माणसाच्या डब्यात दहा नंबरच्या दोन कोलोराडो (रुंद, गोलसर) पात्यांचा बकटेल, म्हणजे फिरत्या पात्यांचा झालरवाला लूर (खोटं आमिष), असतोच. डबल काउगर्ल हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव, आणि आता त्याच धाटणीचे लूर बरेच जण बनवतात. ज्या पाण्यातल्या माशांनी ही पाती मोसमभर ऐकली आहेत तिथे अजून त्यावर पैसे घालावेत का? घालावेत. पण एकाच मापाचे पाच रंग घेऊ नका. दहा नंबरचा एक आणि आठ नंबरच्या, म्हणजे लहान पात्यांचा एक घ्या, उरलेले पैसे मासा सोडायच्या साधनांवर लावा.

आधी पाणी समजून घ्या. तलाव सुमारे 1,32,000 एकरांचा, पण सगळ्यात खोल जागी जेमतेम 42 फूट. मस्की थोडे आणि आकाराने मोठे. मत्स्यविभागाने पिल्लं सोडून ते वाढवले. मिनियापोलिस दीड-दोन तासांवर, त्यामुळे शनिवार-रविवारी वाकन, आइल आणि कोव्ह या उपसागरांतल्या पाणवनस्पतींच्या कडेने आणि दक्षिणेकडच्या खडकांवरून नावांमागून नावा जातात. त्यात 2005 मध्ये इथे झेब्रा शिंपले सापडले. ते पाणी गाळतात, आणि पाणी निवळ झालं की माशाला लूर लांबून दिसतो आणि तो निरखायला वेळही मिळतो. असा मासा तो भाग सोडून जातोच असं नाही. तो लूरच्या मागून, थोडा खालून येतो आणि नावेपाशी वळून जातो.

दहा नंबरच्या जोडपात्यांची ताकद आवाजात आहे. रुंद पाती हळू ओढली तरी फिरतात आणि धपधप दूरवर पोचते. पहाटे, संध्याकाळी, रात्री, लाटा असताना किंवा ढग दाटून आल्यावर याला तोड नाही. ऑगस्टमध्ये भर दुपारी, वारा पडलेला असताना, नावाजलेल्या खडकावर मात्र हाच आवाज माशाला सावध करतो. तिथे आठ नंबरचा लावा आणि झपाट्याने ओढा. लहान पाती पाणी कमी धरतात, म्हणून वेग देता येतो, आणि निरखायला वेळ न मिळालेला मासा तोंड मारतो. दहा नंबरला तो वेग द्यायला गेलात तर मनगट आधी थकतं.

म्हणून रीळ महत्त्वाचं. गिअरचं प्रमाण 5:1 च्या आसपास (हँडलच्या एका फेऱ्याला रिळाचे पाच) असलं की हा लूर दिवसभर ओढता येतो; 7:1 च्या रिळावर दोन तासांत हात भरून येतो आणि नकळत वेग पडतो. रॉड साडेआठ ते साडेनऊ फुटी, भारी लूर पेलणारा. ब्रेडेड (विणलेली) दोरी 80 ते 100 पौंडांची, लीडर (दोरी आणि लूर यांच्यामधला दातांना टिकणारा तुकडा) 100 ते 130 पौंडांच्या फ्लोरोकार्बनचा आणि फूटभरच लांब. लीडर लांब असला तर त्याची गाठ रॉडच्या टोकाच्या कडीत अडकते आणि नावेपाशी वळण नीट घेता येत नाही.

विकत घेतल्यावर पहिली परीक्षा नावेच्या कडेला. लूर पाण्यात सोडून हळू ओढा. हातभर जायच्या आत दोन्ही पाती फिरायला हवीत. एकच फिरत असेल तर बहुधा झालरीचा चमकता धागा कडीत गुंतलेला असतो, किंवा पातं अडकवायची कडी दबलेली असते. मासा लागल्यावर मधली तार वाकते. किंचित वाकली तर पक्कडीने सरळ होते, कडीजवळ मोडली असेल तर तो लूर बाद धरा. दातांनी झालर विरळ होते, त्याने फारसं बिघडत नाही. गळाचं टोक मात्र नखावर घासून बघत राहा. नखावरून घसरलं तर कानस मारा. फेक पाण्यात पडताक्षणी एक झटका दिला नाही तर पाती न फिरताच लूर बुडतो आणि फेकीचा पहिला टप्पा फुकट जातो.

खरी मेख नावेपाशी आहे. गर्दीच्या पाण्यातले मासे खोलातून मागे येतात आणि बरेचदा दिसतही नाहीत, म्हणून पाण्यात 8 चा आकडा काढायचा तो प्रत्येक फेकीला. रॉडचं टोक फूट-दोन फूट पाण्यात घाला, लूर थांबायच्या आधीच पहिलं वळण सुरू करा आणि ते तीन-चार फूट रुंद ठेवा. चार फुटी मासा चिंचोळ्या वळणात मावत नाही. तो बाहेर फेकला जातो आणि निघून जातो. वळणात लूर थोडा वर आणा, सरळ भागात खाली न्या. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) आधीच थोडा सैल हवा, कारण इतक्या आखूड दोरीवर झटका बसला की गळ माशाचं तोंड फाडून निघतो.

जागेबाबत आमचं मत ठाम आहे. ज्या कडेवरून सकाळपासून चार नावा गेल्या तिथे पाचवे होण्यात अर्थ नाही. उत्तरेकडचे चिखलाचे सपाट उंचवटे आणि त्यांच्याभोवतीचं मोकळं पाणी बघा. मस्कीचं खाद्य असलेले टुलिबी मासे तिथे असले तर मस्कीही फिरकतात. मिनेसोटात उघड्या पाण्यात माणशी एकच दोरी चालते, त्यामुळे मोकळ्या पाण्यात चुकार फेकी परवडत नाहीत. मोटार लांबच बंद करून विजेच्या मोटारीवर, एकाच वेगाने पुढे सरका. रात्री जायचं असेल तर त्या वर्षीचं नियमपत्रक वाचा. काही मोसमांत इथे रात्रीची बंदी होती आणि मस्कीसाठी आठ इंचांहून लांब कृत्रिम लूरलाच सूट होती, तेव्हा आठ नंबरचा घेताना पूर्ण लांबी मोजून घ्या.

आता उरलेले पैसे. रबरी लेप दिलेलं मोठं जाळं, लांब नाकाची पक्कड आणि गळ कापायची जाड कात्री, या तीन वस्तू नसतील तर हा लूर घेऊच नका. दोन ट्रेबल (तीन टोकांचे गळ) असलेला बकटेल जाळ्यात गुंततो, आणि तो सोडवत बसण्यापेक्षा गळ कापणं केव्हाही बरं. गळ नंतर नवे बसतात. मासा जाळ्यातच, पाण्यात ठेवून गळ कापा. पाणी 80 अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे 27 सेल्सियसच्या जवळ गेलं की मस्की गरवणं थांबवा, सोडलेला मासा जगणं अवघड असतं. उथळ तलावात जुलैत ही वेळ येऊ शकते. राज्याचा 55 पौंड 14.8 औंसांचा विक्रमी मस्की नोव्हेंबर 2021 मध्ये इथेच मिळाला, तोही परत सोडायची धडपड करूनही जगला नाही. थंड पाण्यातही हे होतं, म्हणून फोटोसाठी मासा वर उचलायचा तो एकदाच, आडवा, दोन्ही हातांनी, आणि कॅमेरा आधी तयार ठेवून.