‘गेट्झ/जिल्बेर्तो’ : जुनी साधी सीडी की २०१४ची आवृत्ती?

बोसा नोव्हाची, म्हणजे सांबा आणि जॅझ यांच्या मिलाफातून आलेल्या ब्राझीलच्या संगीताची, एकच सीडी घ्यायची तर बहुतेक जण अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचा गायक-गिटारवादक जिल्बेर्तो यांच्या या अल्बमपाशीच येऊन थांबतात. मार्च १९६३मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रण, १९६४मध्ये प्रकाशन आणि १९६५मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी. प्रश्न एवढाच, कोणती सीडी?

जुन्या साध्या सीडीवर मूळ आठ गाणी, स्टिरिओत. जेमतेम अर्ध्या तासाचा मामला. सेकंडहँड स्वस्तात मिळाली तर नाही म्हणू नका.

अल्बमच्या पन्नाशीला आलेल्या २०१४च्या आवृत्तीत तीच आठ गाणी स्टिरिओ आणि मोनो (सगळा आवाज एकत्र) अशी दोन्ही आहेत, वर दोन गाण्यांची सिंगल रूपं, म्हणजे सुट्या रेकॉर्डसाठी छोटी केलेली. कागदावर ही भरताड वाटते. पण मोनो लावून बघा! स्टिरिओत वाद्यं दोन बाजूंना विभागलेली. हेडफोनवर ते जरा खटकतं. मोनोत स्टॅन गेट्झचा सॅक्सोफोन आणि जिल्बेर्तोचं कुजबुजल्यासारखं गाणं एकाच खोलीत, शेजारी-शेजारी बसल्यासारखं. सिंगलची गंमत वेगळीच. ‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’मधला जिल्बेर्तोचा पोर्तुगीज भाग सरळ कापला आणि उरली त्याची बायको ॲस्ट्रड, इंग्रजीत गाणारी. जगभर गाजलं ते हेच रूप. (नवऱ्याला काय वाटलं असेल?)

मी नवी घेईन, मोनोसाठी. मात्र सलग अठरा ट्रॅक ऐकायच्या भानगडीत पडू नका. तीच आठ गाणी लागोपाठ दोनदा म्हणजे जेवण झाल्यावर पुन्हा पान मांडणं. घरी जुनी असेल आणि ऐकणं स्पीकरवरच असेल, तर पैसे दुसऱ्या एखाद्या अल्बमवर घाला.