मेनेहुनेंचं तळं आणि हुलेइया नदीची कयाक सहल: पैसे कशाचे मोजायचे?

हवाईतल्या काउआई बेटावर नाविलीविली बंदरातून निघणाऱ्या कयाक (वल्हवायची अरुंद होडी) सहलींच्या जाहिरातीत ‘मेनेहुने फिशपाँड’ हमखास असतो. मेनेहुने म्हणजे हवाईच्या लोककथांतले दोन-तीन फुटी कारागीर, एका रात्रीत काम उरकणारे. हे तळं त्यांनीच बांधलं अशी कथा आहे. नदीसाठी सहल झकास आहे. तळ्यासाठी म्हणाल तर अर्धीच.

कारण साधं आहे. कयाकमध्ये बसल्यावर नजर पाण्यापासून जेमतेम दोन हात वर, आणि तळ्याचा बांध दीड मीटर उंच. बाहेरची बाजू दिसते, आतलं तळं नाही. म्हणून आधी हुलेमालू रस्त्यावरच्या थांब्यावरून बघून घ्या, तेही फुकट. नदीच्या वळणाचा काठ तसाच ठेवून फक्त नदीकडची बाजू सुमारे ८२० मीटर लांब बांधाने बंद केली आहे, हे तिथूनच कळतं. अशा तळ्यांना ‘माकाहा’ नावाचं जाळीदार दार असतं: फटीतून माशांची बोटभर पिल्लं आत येतात आणि पोसली की त्यांना बाहेर पडता येत नाही.

गाइड मंडळी कथा रंगवून सांगतात. बांधाचे दगड माकावेली या ठिकाणाहून हातोहात आले, काम बघायचं नाही ही अट राजघराण्यातल्या बहीण-भावाने मोडली आणि दोघांचे दगड झाले. माकाहाबद्दल मात्र विचारल्याशिवाय सहसा कोणी बोलत नाही, तेव्हा विचाराच. खारफुटीचंही विचारा. हवाईत बाहेरून आणलेल्या तांबड्या खारफुटीने बांध पार गिळला होता. ती काढण्याचं काम ‘मालामा हुलेइया’ संस्थेने केलं आणि २०२१ मध्ये तळ्याची जमीनही तिच्याकडे आली. बांधावर चढू नका. जवळचं अभयारण्यही लोकांसाठी बंद आहे. जवळून बघायची हौस असेल तर संस्थेच्या श्रमदानाला जा.

आता वल्ही. व्यापारी वारे समुद्राकडून नदीत शिरतात, त्यामुळे जाताना वारा पाठीशी आणि परतताना, हात भरून आलेले असताना, नेमका तोंडावर. दुपारी तो वाढतो. सकाळची वेळ घ्या, किंवा परतीला मोटरबोट देणारी सहल निवडा. जास्तीचे पैसे तिथे वसूल होतात. दोघांच्या कयाकमध्ये वजनदार माणूस मागे बसवा. उलट बसलात तर नाक पाण्यात दबतं आणि कयाक सरळ जात नाही. पायाला जखम असेल तर गोड्या पाण्याच्या ओढ्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका आहे. सनस्क्रीन ऑक्सिबेन्झोन हे रसायन नसलेलं घ्या, ते असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत २०२१ पासून बंदी आहे.

मेनेहुनेंची खरी करामत बघायची असेल तर सहलीपेक्षा वायमेआ गाव गाठा, बंदराजवळच्या लिहुए शहरातून गाडीने पाऊण तास. तिथला कीकीआओला हा पाण्याचा पाट घडीव बेसॉल्टचा आहे. हवाईत असे पाट एरवी अनघड दगडांचे असतात, इथे मात्र चिरे तासून एकमेकांत बसवलेले. कथेप्रमाणे ओला राजाने मजुरी दिली ती दर मेनेहुनेला एक कोळंबी! १७९२ साली ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकूव्हरने या पाटाची भिंत नदीपासून २४ फूट उंच असल्याचं नोंदवलं. आज बराचसा भाग रस्त्याखाली गेला आहे, त्यामुळे गाडीतून बघाल तर चुकेल. मेनेहुने रोडवर झुलत्या पुलापाशी उतरा, फलक शोधा आणि रस्त्याच्या कडेला खाली बघा.